सुटलेल्यांचं मंडळ

पिंगा ऐन रंगात आला होता आणि वन्संनी गाणं आवरतं घेतलं. बाकीच्या अकरा जणी पुढच्या कडव्याच्या तयारीत होत्या. त्यांची पावलं एकमेकींत अडकली, दोघी एकमेकींवर आपटल्या आणि हसत सुटल्या. मालतीबाई सबनीस कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं कुमुद, आत्ता कुठे माझी कंबर सैल होत होती."

 वन्सं खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या, तळव्याने डावा जबडा धरला आणि म्हणाल्या, "दाढ ठणकतेय मेली."

मी स्टॉपवॉच थांबवलं आणि वहीत लिहिलं: पिंगा, दोन मिनिटं दहा सेकंद.

हे दोन हजार दोन सालच्या जुलैतलं, सांगलीतलं. मुलींच्या एका शाळेचं सभागृह शनिवारी दुपारी आम्हाला सरावासाठी मिळायचं, कारण त्याच शाळेत वन्संनी तेहतीस वर्षं शिवण शिकवलं होतं. वन्सं म्हणजे कुमुद आगाशे, माझी थोरली नणंद. वय अठ्ठावन्न, आवाज सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि श्रावणातल्या मंगळागौरीच्या खेळांसाठी जमवलेल्या मंडळाची प्रमुख.

या मंडळात प्रवेशाची एकच अट होती. पाळी गेलेली हवी. श्रावणात मंगळवार चार नाहीतर पाच. नव्या नवरीच्या घरी पूजा असते, खेळ त्या पूजेसमोर होतात, आणि आमच्याकडच्या बहुतेक घरांत पाळी आलेली बाई तेव्हा बाजूला बसते. त्यामुळे गावातल्या प्रत्येक मंडळाची ऐन मंगळवारी एखादी तरी खेळणारी गळायची, जोड्या मोडायच्या, रुसवेफुगवे व्हायचे. वन्संनी सत्त्याण्णव साली यावर तोडगा काढला. ज्यांचं ते सगळं संपलं आहे अशा बायका गोळा केल्या. आवाज कसा, वजन किती, गुडघे शाबूत आहेत का, हे विचारलंच नाही. मंडळाचं नाव गौरी महिला मंडळ. मालतीबाई मात्र त्याला सुटलेल्यांचं मंडळ म्हणत. नवीन कुणी आली की पोस्टाच्या खिडकीत बसून घालवलेल्या तीस वर्षांच्या सवयीने विचारत, "सुटलात का? मग या आत."

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि सुटले नव्हते. शिवाय मला गिरक्या घ्यायला कधीच आवडलं नाही. म्हणून माझ्याकडे वेळ मोजायचं काम आलं. दोन तासांचा कार्यक्रम, सव्वीस खेळ, आणि पंगत ठरल्या वेळी बसायला हवी. कोणता खेळ किती वेळ चालला हे मी वहीत लिहीत असे. खेळ कधी संपवायचा हे मात्र वन्संच्या हातात होतं. गाण्याची शेवटची ओळ त्या उचलायच्या, आणि ती उचलली की सगळ्यांनी थांबायचं.

त्या दिवशी घरी जाताना मला आठवलं की ही दाढ चौथ्यांदा ठणकली होती. दर वेळी उभ्या खेळात, आणि वन्सं बसल्या की तीन-चार मिनिटांत थांबायची. दातदुखी अशी शहाणी नसते हे मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. तरी मी त्यांना दातांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

त्याचं कारण पाच वर्षं जुनं होतं.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात शिकवत असे. औषध शरीरात गेल्यावर काय करतं, हा माझा विषय. सत्त्याण्णव साली, पाळी जाऊन दोन वर्षं झाली तरी, वन्संचा जीव हैराण होता. वर्गात शिकवताना एकाएकी चेहरा लाल व्हायचा, मानेवरून घामाच्या धारा लागायच्या. रात्री दोनदा ब्लाउज बदलावा लागायचा. माझे सासरे छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, त्यांची बहीणही. म्हणून मी वन्संना स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी दोन हार्मोनांच्या गोळ्या लिहून दिल्या, घाम आणि झोप यांच्यासाठी. हृदयाचं मी माझ्या पदरचं घातलं. पाळी असते तोवर बायकांना हृदयविकार कमी होतो, ती गेली की त्या हळूहळू पुरुषांना गाठतात. गेलेलं हार्मोन गोळीतून परत द्यायचं, म्हणजे हृदयही सांभाळलं जाईल. तेव्हाचे अभ्यास हेच सांगत होते. मी वर्गात फळ्यावर दोन रेघा काढून दाखवायची, एक गोळी घेणाऱ्या बायकांची, एक न घेणाऱ्यांची. मला ती आकृती फार आवडायची.

एका मैत्रिणीच्या दुकानातून दर महिन्याला मी गोळ्यांचं पाकीट आणायची आणि पहिल्या रविवारी वन्संना नेऊन द्यायची. त्या दोन्ही हातांनी घ्यायच्या, कपाटात ठेवायच्या आणि चहा टाकायच्या. वर्षभरात त्यांचा घाम थांबला. पुढच्या वर्षापासून नाव न सांगता मी त्यांचं उदाहरण वर्गात द्यायला लागले.

दाढेच्या त्या शनिवारनंतरच्या आठवड्यात महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या संगणकावर मी एक बातमी वाचली. अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांवर चाललेली एक मोठी चाचणी मुदतीआधीच थांबवली होती. निम्म्या बायकांना या दोन हार्मोनांच्या गोळ्या दिल्या होत्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या, पोकळ गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. हृदय सांभाळलं जातं हे सिद्ध करायला निघाले होते, आणि उलटंच निघालं. गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके जास्त. दहा हजार बायकांमागे वर्षाला सात जास्त. आकडा लहान होता, पण बाजू चुकीची होती.

मी ते तीनदा वाचलं.  आधीच्या अभ्यासांतल्या ज्या बायका गोळ्या घेत होत्या, त्या शिकलेल्या होत्या, डॉक्टरांकडे वेळेवर जात होत्या, फिरायला जात होत्या, नीट खात होत्या. गोळी त्यांचं हृदय सांभाळत नव्हती. ज्या बायका स्वतःला सांभाळत होत्या, त्या गोळी घेत होत्या. इतकी साधी गोष्ट. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवायची, दुसरी उदाहरणं देऊन.

घरी आल्यावर मी वेळांची वही काढली. मला नेमकं काय शोधायचंय हे आता ठाऊक होतं. पिंगा: एप्रिलमध्ये तीन मिनिटं चाळीस सेकंद. मेमध्ये तीन पाच. जूनमध्ये दोन पस्तीस. आता दोन दहा. झिम्म्याचं तेच, बसफुगडीचं तर निम्म्यावर आलेलं. उलट बसून म्हणायची गाणी आणि उखाणे लांबत गेलेले. एकूण दोन तास जुळत होते म्हणून माझ्या नजरेत आलं नव्हतं. मंडळात सगळ्यांना वाटत होतं की कुमुद गुडघेदुखीवाल्यांची सोय बघतेय.

दुसऱ्या दिवशी मी वन्संकडे गेले. त्या मशीनवर मंडळासाठी मोरपंखी ब्लाउज शिवत होत्या. बाराच्या बारा त्याच शिवणार होत्या, कारण या वर्षीचा तिसरा मंगळवार त्यांच्या मुलीचा होता. केतकीचं लग्न डिसेंबरात झालं, सासर कोल्हापूरचं. तिच्या सासूबाईंनी कोल्हापूरचं एक नावाजलेलं मंडळ सुचवलं होतं. वन्संनी निरोप पाठवला होता की विहीणबाईंनी फक्त हॉल बघावा, खेळांचं आम्ही बघू.

मी उभ्या उभ्याच म्हणाले, "वन्सं, आजपासून त्या गोळ्या बंद."

त्यांनी पायट्यावरचा पाय उचलला. "बरं," म्हणाल्या.

मी समजुतीची पंधरा मिनिटं तयार करून आले होते. ती वाया जाऊ नयेत म्हणून मी सगळं सांगितलं: चाचणी, पोकळ गोळ्या, दहा हजारांत सात. वन्सं माझ्याकडे न बघता ब्लाउजवरचे दोरे वेचत होत्या. शेवटी मी म्हणाले की ही गोळी तुमच्या तोंडात मी घातली, डॉक्टरांनी नाही. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"जेवून जा," त्या म्हणाल्या. "अळू केलंय."

मला वाटलं, त्या मला वाचवतायत.

जेवताना मी दाढेचा विषय काढला. ती दाढ नसावी, हृदय असावं. बायकांना छातीत दुखेलच असं नाही, जबड्यात दुखतं, पाठीत दुखतं, नुसतंच दमायला होतं. आज-उद्यातच चालायच्या पट्ट्यावरची तपासणी करून घ्या. वन्संनी ऐकून घेतलं आणि ठाम नकार दिला. तपासणीत काही निघालं की डॉक्टर झोपवून ठेवणार. मग केतकीच्या मंगळागौरीला कोल्हापूरचं मंडळ येणार, विहीणबाई सगळ्यांना सांगत सुटणार. तिसरा मंगळवार झाला की जिकडे नेशील तिकडे येते, असं त्या म्हणाल्या. मी हिशेब केला. मधे साडेपाच आठवडे होते, आणि त्यातल्या प्रत्येक शनिवारी सराव.

मला वाद घालता येत नाही. त्या शनिवारी मी सराव सुरू व्हायच्या आधी सभागृहातल्या फळ्यावर आकडे लिहिले. वर खेळांची नावं, खाली महिने. बायका पदर खोचत फळ्यापाशी जमल्या. पहिल्यांदा मालतीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पिंग्याच्या ओळीवरून बोट फिरवलं, एप्रिलपासून जुलैपर्यंत, आणि वन्संकडे वळून बघितलं.

वन्सं दारातून मला म्हणाल्या, "पाळत ठेवलीस माझ्यावर?"

"तुमच्यावर नाही. पिंग्यावर."

मग मी सगळ्यांना थोडक्यात सांगितलं की गाणं कोण संपवतं आणि ते लवकर का संपतंय.  मालतीबाई, चौसष्ट वर्षांच्या, ऐंशी किलोंच्या, भिंतीचा आधार घेत खाली बसल्या आणि पाय पसरून म्हणाल्या, "कुमुद, तू डॉक्टरकडे जाऊन ये. तोवर हे बूड हलत नाही."

"तुला उठवायला क्रेन लागेल, मालती."

"मग क्रेन आण. नाहीतर डॉक्टरकडे जा. स्वस्त काय पडतं बघ."

त्यांच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी. दोन मिनिटांत अकराच्या अकरा जणी फरशीवर. सभागृहाच्या मधोमध एकट्या वन्सं उभ्या राहिल्या. पिंगा एकटीने घालता येत नाही. त्यांनी बराच वेळ सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि मग मला विचारलं की तपासणीला कपडे कसले लागतात.

मिरजेच्या रुग्णालयात आम्ही जीप करून गेलो. पट्ट्यावर चालायला साडी चालणार नव्हती, म्हणून वन्संनी जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता, केतकीचा. ओढणी त्यांनी पदरासारखी घट्ट लपेटली होती. केतकी कोल्हापूरहून थेट तिथे आली. मालतीबाईंनी तिला फाटकातच सांगितलं, "तुझी धाकटी बहीण आलीय बघ. लग्नाचं जमवायला हवं." केतकी रडण्याच्या बेतात होती, तिला हसू फुटलं.

डॉक्टर इनामदार तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी छातीत दुखतं का विचारलं. वन्सं नाही म्हणाल्या. जबड्याचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यापासून पुन्हा विचारायला लागले. कधी, किती वेळ, काय करताना. मग कोणती औषधं चालू आहेत असं विचारलं. मी गोळीचं नाव, मात्रा आणि पाच वर्षांचा काळ एका दमात सांगायला सुरुवात केली.

"चारू," वन्सं म्हणाल्या, "तू जरा बाहेर बस."

चोवीस वर्षांच्या नात्यात त्यांनी मला खोलीबाहेर घालवलं नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत त्या माझ्याबद्दल काय सांगत असतील ते मला कळत होतं, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. थोड्या वेळाने आतून डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज आला. त्याचा अर्थ मला लावता आला नाही.

मला परत बोलावलं तेव्हा वन्सं पट्ट्यावर उभ्या होत्या, अंगाला तारा चिकटवलेल्या. पट्टा सुरू झाला. त्या ठसक्यात चालत होत्या, ओठ हलत होते; बहुधा मनात गाणं चालू असावं. तीन मिनिटांनी चढ वाढला. माझं लक्ष हृदयाच्या आलेखाच्या कागदावर होतं. चार मिनिटं वीस सेकंदांनी रेघेचा एक भाग, जो सरळ असायला हवा, तो खाली बसला. प्रत्येक ठोक्याबरोबर थोडा आणखी. वन्संचा हात जबड्याकडे गेला. डॉक्टरांनी लगेच पट्टा थांबवला आणि त्यांना आडवं केलं. जिभेखाली गोळी ठेवली.

"आणखी एक कडवं झालं असतं," वन्सं म्हणाल्या.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "ते कडवं तुम्हाला महागात पडलं असतं."

बाहेर येऊन त्यांनी केतकीला आणि मला सांगितलं की वेळेत आणलंत. अशा बायका एक तर येतच नाहीत, नाहीतर दाढ काढून येतात. दोन दिवसांनी तपासलं तेव्हा हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद निघाली. फुग्याने ती उघडून आत धातूची बारीक जाळी बसवली. मांडीपाशी एक टोचल्याची खूण, बाकी काही नाही. हे सगळं होईपर्यंत दहा बायका रुग्णालयाच्या अंगणात शेंगा खात बसल्या होत्या आणि अकरावी, मालतीबाई, रखवालदाराला आपली मुलगी पोस्टात कशी लागली ते सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वन्संना भेटायला गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर रंग आला होता. मी खुर्ची ओढून बसले आणि ठरवून आलेलं बोलायला लागले. मी म्हणाले की एका बाईच्या बाबतीत आकडे काही सांगू शकत नाहीत. तुमच्या वडिलांचं घराणं तसं, कोलेस्टेरॉल आता वाढलेलं निघालंय, रक्तदाबही. गोळ्यांनी किती केलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण थोडं जरी केलं असेल तरी ते मी केलं.

"झालं बोलून?" त्यांनी विचारलं. मग केतकीला म्हणाल्या, "दे तिला तो डबा."

केतकीने पिशवीतून बिस्किटांचा एक चौकोनी डबा काढला. ती आईकडे बघत नव्हती आणि माझ्याकडे तर नाहीच. मी झाकण उघडलं. आत गोळ्यांची पाकिटं होती, महिन्याची एक अशी, रबर लावून दहा-दहाचे गठ्ठे केलेली. शिवण शिकवणाऱ्या बाईची व्यवस्थितपणाची सवय. मी मोजली. एकोणसाठ. त्यातलं एक रिकामं होतं. अठ्ठावन्न जशीच्या तशी.

मी पुन्हा मोजली.

"पहिलं पाकीट घेतलं," वन्सं म्हणाल्या. "महिना संपला आणि पाळी आली, चारू. दोन वर्षांनी. मी तिला निरोप देऊन बसले होते."

तसं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या प्रकारच्या गोळ्यांत दर महिन्याला रक्तस्राव होतो, ते पाठ्यपुस्तकात दिलेलं आहे, परिणामांच्या यादीत, किरकोळ म्हणून. मी तो वर्गात एका वाक्यात उरकत असे.

"मंडळ काढून तीन महिने झाले होते," त्या म्हणाल्या. "मालतीला आत घेताना मीच विचारलं होतं, सुटलीस का म्हणून. आणि प्रमुख बाईच पुन्हा अडकलेली. श्रावण तोंडावर. मी काय करायचं? घराण्याचं हृदय सांभाळायचं की पिंगा?"

"मला का नाही सांगितलं?"

"दर पहिल्या रविवारी तू यायचीस. ते पाकीट असं धरायचीस, जसं काही मोदकच आणलेत. एवढी हुशार, आणि माझ्यासाठी धावतेय. म्हटलं, हिचा जीव स्वस्थ राहतो ना, राहू दे. तुझ्या पहिल्या पाकिटानंतरच्या सगळ्या गोळ्या तुझ्याचसाठी होत्या, चारू. तुलाच लागू पडल्या."

"आणि घाम? तो थांबला की."

"थांबणारच. कधीतरी थांबतोच. माझ्या आईचाही थांबला होता, तिला कुठे भावजय होती फार्मसीवाली?"

चार वर्षं मी वर्गात त्यांचं उदाहरण देत होते. सुमारे दोनशे विद्यार्थी ते लिहून घेऊन बाहेर पडले होते. माझ्या मांडीवर त्या उदाहरणाचा पुरावा होता, रबर लावलेला. मला हसू आलं. मी फारशी हसत नाही, त्यामुळे सुरू झालं की ते आवरायचं कसं हे मला माहीत नाही. वन्संही हसायला लागल्या, मांडीवरची जखम दाबून धरत. केतकी दोघींना गप्प करायला गेली आणि स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सिस्टर धावत आल्या आणि मला म्हणाल्या की पेशंटला त्रास देऊ नका, बाहेर व्हा. चार दिवसांत दुसऱ्यांदा.

जिन्यात थांबून मी डोळे पुसले, आणि तेव्हा उरलेली गोष्ट लक्षात आली. गोळ्या निर्दोष होत्या, वन्संच्या बाबतीत तरी. पण एप्रिलपासून जबडा धरून बसणारी बाई माझ्यासमोर होती, आणि तिच्या पोटात गोळी आहे म्हणून मी तिचं हृदय बघितलं नाही. जी गोळी पोटात नव्हतीच. मी सेकंद मोजले, पाकिटं पोचवली, आणि पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही, वन्सं, घेता ना?

पुढे त्या गोळ्यांबद्दल आणखी कळत गेलं. पाळी जाते त्या सुमाराला, घामाने आणि जागरणाने हैराण झालेल्या बायकांना डॉक्टर आजही त्या विचार करून देतात, आणि बऱ्याच जणींना त्याचा फायदा होतो. हृदय सांभाळायला म्हणून मात्र देत नाहीत. मी निवृत्त होईपर्यंत वर्गात हे सांगत आले. आधी डब्याची गोष्ट सांगायची, मग आकडे.

मंगळागौर ठरल्या दिवशी झाली, कोल्हापूरच्या हॉलमध्ये, दुपारी. डॉक्टरांनी वन्संना चालायला आणि गायला परवानगी दिली होती, खेळायला नाही. त्यांच्यासाठी मधे एक खुर्ची ठेवली होती. खुर्चीत बसून खेळ घेणारी प्रमुख कुणी पाहिली नव्हती. कोल्हापूरकर बायका कुजबुजत होत्या. मोरपंखी ब्लाउजं घातलेल्या अकरा जणी रिंगणात उभ्या राहिल्या आणि मग लक्षात आलं की फुगडीला जोडी अपुरी पडतेय. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मालतीबाईंनी माझ्याकडे आशेने पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं.

केतकीच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. उंच, शिडशिडीत, सबंध लग्नात मी त्यांना दोनदा हसताना पाहिलं असेल. त्या उठल्या. हातातली पर्स त्यांनी शेजारणीकडे दिली, पदर खोचला आणि वन्संच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

"विहीणबाई," वन्सं खुर्चीतून म्हणाल्या, "आमच्या मंडळाची एक अट आहे."

"कळलीय," त्या म्हणाल्या. "मला नऊ वर्षं झाली."

मग वन्संनी आवाज लावला. तो तसाच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. उलट त्यात आता जागा होती, ओळ संपल्यावरही तो टिकत होता. त्या गात राहिल्या आणि रिंगण फिरत राहिलं. केतकीला ओढून आत घेतलं, तिच्या नणंदांना घेतलं, कुजबुजणाऱ्या कोल्हापूरकरणीही एकेक करून आल्या. विहीणबाईंचा अंबाडा सुटला. मालतीबाई दमून बसल्या, पुन्हा उठल्या. खाली बसलेल्यांपेक्षा फिरणाऱ्या जास्त झाल्या. वन्सं खुर्चीच्या दांड्यावर ताल धरून एकेकीचं नाव घेऊन चिडवत होत्या आणि त्या फिरता फिरता उत्तरं देत होत्या.

डब्याची गोष्ट तोवर मंडळात सगळ्यांना कळली होती. कोल्हापूरला येताना जीपमध्येच वन्संनी ती सांगितली, माझ्या समोर, माझी नक्कल करून, पाकीट मोदकासारखं धरून. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. मी रागावले का, हे त्या अधूनमधून माझ्याकडे बघून तपासत होत्या. मी रागावले नव्हते.

पंगत उठल्यावर मी ताट घेऊन हॉलच्या टोकाला भिंतीलगतच्या बाकावर बसले. पुरणपोळीचा दुसरा घास घेत होते तेवढ्यात मालतीबाई येऊन शेजारी टेकल्या. त्यांचा चेहरा अजून लाल होता. समोर केतकी आईला खुर्चीतून उठवून पाहुण्यांकडे नेत होती.

"चारू," त्या हळूच म्हणाल्या, "मला ना, जिना चढताना पाठीत मधोमध काहीतरी दाटून येतं. थांबलं की जातं. वर्ष झालं. कुणाला सांगितलं नाही."

मी विचारलं, किती पायऱ्यांनंतर. त्यांनी सांगितलं. आणखी काय काय होतं, ते विचारलं. तेही सांगितलं. बोलताना त्यांच्या मागे मला मंडळातली दुसरी एक जण दिसली. हातात पाण्याचा पेला, आमचं बोलणं संपायची वाट बघत उभी. तिच्या मागे आणखी दोघी होत्या, आणि त्यांच्या मागे, सुटलेला अंबाडा एका हाताने धरून, विहीणबाई.

मी ताट खाली ठेवलं आणि सरकून जागा केली.